चार्ट नको, कोष्टक हवं



आमच्या भिशीत हल्ली साड्यांपेक्षा जास्त चर्चा प्रोटीनची होते. प्रत्येकीच्या फोनवर एक तरी व्हिडिओ असतो. कुणी डंबेल्स उचलायला सांगतं, कुणी सकाळी उठून काय प्यायचं ते. एकीचं म्हणणं, 'इंटरनेटवर सगळं थोतांड.' दुसरीचं म्हणणं, 'आता डॉक्टरची गरजच नाही, सगळं फोनमध्ये आहे.' मला दोन्ही पटत नाही. साठीच्या पुढच्या बाईला ताकद कशी कमवायची आणि काय खायचं, याची चांगली, खात्रीची आणि चक्क फुकट माहिती इंटरनेटवर आहे. फक्त ती आपल्याला शोधत येत नाही. जी आपल्याला शोधत येते, ती बहुतेक वेळा कामाची नसते.

आधी ताकदीचं सांगते, कारण आपल्या बायकांमध्ये या विषयाचं हसू होतं. 'या वयात काय वजनं उचलायची? घरकाम काय कमी असतं का?' घरकामाने दमायला होतं हे खरं, पण दमणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं. कळशी चाळीस वर्षं तेवढ्याच वजनाची राहते. स्नायूला आज जेवढं झेपतं त्यापेक्षा थोडं जास्त मागितलं, तरच तो वाढतो. आणि वय वाढतं तसा तो आपोआप झिजत जातो, न सांगता.

माझ्या थोरल्या जाऊबाई कधी आजारी पडल्या नाहीत. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, रोज मंदिर, साखर नाही, रक्तदाब नाही. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण महिनाभर पडून राहिल्यावर मांड्या अशा वाळल्या की खुर्चीतून उठायला दोघीजणी लागायच्या. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, हाड जुळलंय, आता पाय उभे करायचेत. आज जाऊबाई मंदिरात जातात, पण खुर्चीवर बसून स्वाध्याय ऐकतात. जमिनीवर बसून करायच्या सामायिकाची त्यांना फार हळहळ वाटते. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. म्हणून हा विषय माझ्यासाठी हसण्यावारी नेण्याचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात ६५ वर्षांवरच्या माणसांना चालण्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा. म्हणजे नुसतं सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारून भागत नाही. योगासनं मी स्वतः करते, लवचिकपणा आणि तोल यासाठी त्यांच्यासारखं काही नाही, पण पायांवर वाढता भार घालायचं काम त्यांच्यावर सोपवून निश्चिंत होऊ नये असं माझं मत आहे.

'आता उशीर झाला' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगते. मारिया फियातारोन या डॉक्टरीणबाईंनी बोस्टनमध्ये वृद्धांच्या एका संस्थेतल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांचं सरासरी वय ९० होतं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं, आणि त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. हा अभ्यास १९९० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नावाजलेल्या मासिकात छापून आलाय. माणसं थोडीच होती, हे ध्यानात ठेवावं. पण नव्वदीतला स्नायूही ऐकतो, एवढं त्यातून कळतं.

आता शोधायचं कसं?

मी बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नोकरी केली नाही, पण ऑडिटिंगच्या पेपरातली एक गोष्ट डोक्यात राहिली: नोंद कितीही सुंदर अक्षरात असली तरी तिच्यामागचं व्हाउचर मागायचं. व्हिडिओ बघताना मी हेच करते. बोलणारा माणूस कोण, त्याचं शिक्षण काय, हे पहिलं. मग तो काय विकतो ते. खाली पावडरीची लिंक असेल, 'माझा एकवीस दिवसांचा कोर्स' असेल, तर तो दुकानदार आहे. दुकानदार वाईट नसतो, पण त्याच्या तोंडून मालाची तारीफच ऐकू येणार. तिसरं म्हणजे तारीख. आणि चौथी गोष्ट आपण बायका हमखास विसरतो: हे कुणासाठी सांगितलंय? पंचविशीतल्या मुलाने दाखवलेली उठाबशी त्याच्या गुडघ्यांसाठी असते. त्याने खोटं सांगितलेलं नसतं, आपल्याला सांगितलेलं नसतं इतकंच.

आणखी एक. फोन आपल्याला तेच दाखवतो जे आपण थांबून बघतो. 'पोट कमी करा' हा व्हिडिओ कुतूहलाने बघितला की दुसऱ्या दिवशी तसेच दहा. म्हणून मी या विषयाचं काही समोर येऊन पडलेलं बघतच नाही. जे हवं ते नाव टाइप करून शोधते.

शोधून काय सापडलं ते सांगते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या संकेतस्थळावर ज्येष्ठांसाठी चार प्रकारचे व्यायाम चित्रांसह दिले आहेत: बसून करायचे, ताकदीचे, तोलाचे आणि लवचिकपणाचे. त्यात खुर्चीतून उठणं-बसणं आहे, भिंतीला हात लावून दंड काढणं आहे, टाचा उचलणं आहे. जिमची पायरीही चढावी लागत नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेबरोबर 'ग्रोइंग स्ट्राँगर' नावाची एक पुस्तिका केली आहे. ती फुकट उतरवून घेता येते. ती मला जास्त आवडली, कारण त्यात वजन कधी वाढवायचं, किती वाढवायचं, कुठे थांबायचं हे पायरीपायरीने सांगितलंय. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा एक कार्यक्रम खास म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी व्हावं म्हणून बसवलेला आहे. चाचण्यांमध्ये त्याने पडण्याचं प्रमाण साधारण एकतृतीयांशाने कमी झालं. त्यात घोट्याला वजन बांधून पाय उचलायचे असतात. मात्र तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करायचा असतो, म्हणून ज्या आधीच एकदा पडल्यात त्यांनी त्याचं नाव घेऊन आपल्या फिजिओताईंना विचारावं.

हे सगळं इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. मराठीत असं सांगोपांग, चित्रं असलेलं, काही न विकणारं मला फारसं मिळालं नाही, आणि याचा मला राग येतो. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला हे काम सहज जमेल. तोवर चित्रं बघून आणि फोनवरच्या भाषांतराने काम भागतं. मी पुस्तिकेची पानं छापून आणली आणि नातवाकडून समासात मराठीत लिहून घेतलं. त्याची 'वॉल पुश-अप'ची मराठी नोंद 'भिंतीला ढकला, पण पाडू नका' अशी आहे.

कुठून सुरुवात करायची हे ठरवायला सीडीसीचीच एक सोपी चाचणी आहे. हात नसलेली, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. साधारण सतरा इंच उंचीची. हात छातीवर फुलीसारखे, पंजे खांद्यांवर. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. बायकांसाठी ६० ते ६४ वयात १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ मध्ये ११ पेक्षा कमी, आणि ७० ते ७९ मध्ये १० पेक्षा कमी आलं तर ते सरासरीखाली, म्हणजे पडण्याचा धोका जास्त. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. शेजारी कुणी तरी उभं असू द्या. आमच्या भिशीत आम्ही हे केलं तेव्हा सर्वांत बारीक, सर्वांत 'फिट' दिसणाऱ्या बाईंचे आठच झाले, आणि आपल्या वजनाला सतत नावं ठेवणाऱ्या बाईंचे चौदा. वजनकाटा सगळं सांगत नाही.

साहित्य घरातलंच चालतं. लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलोहून किंचित जास्त. मुगाने भरलेली कापडी पिशवी घोट्याला बांधता येते. जड करायची तर मूग वाढवायचे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटलं पाहिजे, तरच उपयोग. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा. रक्तदाब, हर्निया, डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबायचं.

खाण्याच्या बाबतीत मात्र इंटरनेटशी माझं खरं भांडण आहे. महाराष्ट्रात मध्यंतरी दीक्षित की दिवेकर यावरून घराघरांत तट पडले होते. किती वेळा खायचं यावर एवढा वाद झाला की ताटात काय आणि किती हे बाजूलाच राहिलं. आता तो जोर ओसरला आणि डाएट चार्ट आले. तुम्हीही बघितला असेल: सकाळी कोमट पाण्यात मध, मग बीट-गाजराचा रस, न्याहारीला दोन अंड्यांचा पांढरा भाग, चारला उकडलेलं रताळं, रात्री साडेआठला मश्रूमचं सूप. आपल्या घरात यातलं काय चालतं? पाणी! मध नाही, कंदमूळ नाही, अंड्याचा प्रश्नच नाही, आणि साडेआठला आमच्याकडे ताटं घासून पालथी पडलेली असतात. भिजवलेलं अंजीर सांगतात, तेही आपल्यातल्या बऱ्याचजणी उदुंबर फळांत धरून वर्ज्य करतात. 'जैन डाएट' म्हणून जे मिळतं तेही हेच, फक्त कांदा-लसूण गाळून. वाटीभर मुगाच्या उसळीवर दही घाला म्हणतात. द्विदल म्हणजे काय हे त्या बाईंच्या कानावरूनही गेलेलं नसतं.

म्हणून मी म्हणते, चार्ट नको, कोष्टक हवं. चार्ट दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून येतो. कोष्टक हातात आलं की आपल्या मर्यादेत राहून आपला हिशोब आपल्याला करता येतो.

आणि कोष्टक आहे! हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही आयसीएमआरची संस्था, १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली. तिने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं काढली, त्यात आपल्याच देशातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासलेत. शिवाय २०२४ च्या मे महिन्यात तिने भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रं प्रसिद्ध केली. त्यातलं दिवसाचं ताट २००० कॅलरींचं आहे: डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम. डाळीची ती ८५ ग्रॅम एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. आपल्या घरातल्या पातळ आमटीत माणशी तीससुद्धा पडत नाही पुष्कळदा.

प्रथिनांचं प्रमाण याच संस्थेने २०२० साली दिलंय: निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. माझं वजन ५८ किलो, म्हणजे ४८ ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांना यापेक्षा जास्त लागतं असं युरोपातल्या वृद्धवैद्यकांच्या संघटनेने नेमलेल्या गटाने २०१३ साली सांगितलं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ज्यांच्या मूत्रपिंडाला काही त्रास आहे त्यांना हे लागू नाही, त्यांनी डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाऊ नये. मी सध्या ४८ चं लक्ष्य धरून चालते, आधी तिथे तर पोचू.

आमच्या सांगलीकडच्या साध्या दिवसाचा हिशोब असा. शाळूच्या भाकरीला १०० ग्रॅम पीठ, त्यात १० ग्रॅम प्रथिनं. भाताला ५० ग्रॅम तांदूळ, ४ ग्रॅम. तुरीची डाळ ३० ग्रॅम, साडेसहा. म्हशीचं दूध कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर, ७. लहान वाटी दही, ३. भाजीत शेंगदाण्याचा कूट १५ ग्रॅम, साडेतीन. भाजीचं किरकोळ धरून बेरीज पस्तीसच्या आसपास. म्हणजे बारा-तेराची तूट. तूट म्हटल्यावर घाबरायचं नाही, ती कुठून भरायची ते बघायचं. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, ३० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं: ७ ग्रॅम. त्याबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी, दही नाही. सकाळी दूध-दह्याच्याच न्याहारीत घरचं पनीर ४० ग्रॅम: साडेसात. झाले की पन्नास! ना अंडं, ना पावडर, ना कुठला नियम मोडला. धान्य आणि डाळ एका दिवसात दोन्ही खाल्ली की एकात जे कमी ते दुसऱ्यातून भरून निघतं, ही आपली भाकरी-आमटीची जोडी मुळातच हुशारीची आहे.

इथे एक फसगत सांगते, व्हिडिओंमध्ये ती सर्रास होते. मूगडाळीत २४ टक्के प्रथिनं, हे कोरड्या डाळीचं माप. शिजल्यावर तिच्यात पाणी शिरतं. 'एक वाटी वरणात चोवीस ग्रॅम' असं कुणी हसत हसत सांगितलं तर तिथेच व्हिडिओ बंद करा. वाटीत डाळ किती ते बघायचं, वाटी किती ते नाही.

पावडरींबद्दल दोन वाक्यं. स्नायू वाढवायला प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं त्या २०२४ च्या सूत्रांतच म्हटलंय. आणि गोळ्यांचं म्हणाल तर ब-१२ आणि ड जीवनसत्त्व आपल्यासारख्या घरांत कमी पडू शकतं, त्यासाठी रक्त तपासून डॉक्टरांनी दिलं तर घ्यावं. पण मऊ पारदर्शक कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. हिरवा ठिपका खाद्यपदार्थांवर असतो, औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर असेलच असं नाही. दुकानदाराला आवरण विचारा, डॉक्टरांना तोंडी घ्यायची पावडर किंवा साधी गोळी मिळेल का विचारा.

आता थोडं आपल्याच माणसांना. 'आपलं जेवण सात्त्विक, म्हणजे आरोग्याचंच' हे मी लहानपणापासून ऐकत आले. हिंसा टाळण्यासाठी आपण जे सोडतो त्याचा मला अभिमान आहे. पण सोडलेल्या जागी काय आलं? शेव, फरसाण, मैद्याच्या पुऱ्या, पारण्याला तुपातले तीन गोड पदार्थ. बटाटा सोडला म्हणजे तेल सुटलं असं नाही. आणि उपवासाचं म्हणाल तर तो बंद करा असं सांगणारे जे व्हिडिओ आहेत ते मला मुळीच मान्य नाहीत. ज्याला ते कशासाठी आहे हे माहीत नाही त्याने त्यावर बोलू नये. तरी षोडशकारण भावनांत 'शक्तितस्तप' असं म्हटलंय, शक्तीप्रमाणे तप. शक्तीप्रमाणे करायचं तर शक्ती किती आहे ते ठाऊक पाहिजे, आणि ती टिकवलीही पाहिजे. जाऊबाईंना आता एकाशनही झेपत नाही. सत्तरीनंतर दहा उपवासांची पत्रिका छापण्याआधी घरच्यांनी त्या बाईला एकदा खुर्चीवरून उठायला लावावं, असं मी आमच्या मंडळात बोलले तेव्हा दोघीजणी रागावल्या. रागावू देत.

दशलक्षणात माझा क्रम वेगळा असतो. एकाशनाच्या दिवशी वजनं उचलत नाही, फक्त खुर्चीतून उठणं-बसणं आणि टाचा उचलणं, तेही जेवणानंतर दोन तासांनी. पाणी त्या एका बैठकीतच घ्यायचं असल्याने उन्हात फिरायला जात नाही. एकाशनाच्या ताटात मात्र डाळ मोजून घालते, कारण दिवसाची बेरीज त्या एकाच पानावर करायची असते. सूनबाई म्हणते, सणाच्या दिवसांत तरी वजनकाटा आत ठेवा. मी म्हटलं, तू तुझं पान वाढून घे, माझं मी मोजते.

शोधताना एक युक्ती लक्षात ठेवा. 'सीनिअर एक्सरसाइज' असं टाकलं की खुर्चीत बसून हात हलवायचे, गाण्यावर टाळ्या वाजवायचे व्हिडिओ येतात. करमणूक होते, ताकद येत नाही. त्याऐवजी 'स्ट्रेंथ ट्रेनिंग ओल्डर ॲडल्ट्स' असं टाका आणि पुढे एनएचएस, सीडीसी किंवा विद्यापीठाचं नाव जोडा. खाण्यासाठी 'एनआयएन डाएटरी गाइडलाइन्स २०२४' असं टाका. फाइल मोठी आहे, घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या, आणि जमलं तर दिवसाच्या ताटाचं तेवढं एक पान छापून स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर लावा, तेलाचे हात लागणार नाहीत अशा उंचीवर.